जादा कोंबडा

खुडूक कोंबडी २१ दिवस अंड्यांवर बसते आणि पिल्ले घेऊन उठते. घार, मुंगूस, पावसाची झड यांतून जी वाचतात त्यांत साधारण निम्मे नर निघतात. परसातल्या बहुतेक भांडणांचे मूळ या निम्म्यात आहे. कोंबड्याचा स्वभाव, त्याची जात, त्याचे खाणे ही कारणे मागाहूनची.

दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. अंडी उबवायची असली तरी पुरतो. निसर्ग मात्र दहांना दहा देतो. उरलेल्या नऊ जणांचे काय करायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. कोणी सुरीने ठरवतो, कोणी आठवडी बाजारात, कोणी ठरवतच नाही. जो ठरवत नाही त्याच्या वतीने कोंबड्या सोसतात.

कोकणात हे काम पंचांग करत आले. आषाढातली अमावास्या, शिमगा, मुंबईहून उतरलेला चाकरमानी, माहेरपणाला आलेली लेक, राखणदाराचा मान: प्रत्येकाच्या नावे एकेक कोंबडा आधीच लागलेला. “ह्यो राखणेक,” असे म्हणत घरची म्हातारी त्याच्यापुढे दाणे टाकते आणि तो खुशाल टिपतो. या रीतीला कोणी शास्त्र म्हटले नाही. पण तिच्यामुळे वयात आलेले चार-पाच नर एका अंगणात एका वेळी साठत नसत. म्हणून ‘कोंबडा कोंबड्यांना छळतो, काय करू?’ असे तिथल्या जुन्या माणसाला विचाराल तर त्याला प्रश्नच कळत नाही. छळायचे वय येईस्तोवर तो वड्यांबरोबर पानात पडलेला असायचा.

(श्रावण हा या हिशेबातला खाडा. गटारीला जो वाचला तो गणपती पाण्यात जाईपर्यंत निर्धास्त. भाद्रपदातला कोंबडा जरा जास्तच माजलेला वाटतो तो त्यामुळे असावा.)

आता कोंबड्या पाळणारा वर्ग बदलला आहे. शहराबाहेर चार गुंठे घेऊन घर बांधलेले असते, मागे तारेची जाळी, पत्र्याचे खुराडे, आणि मुलांनी हौसेने आणलेली डझनभर पिल्ले. पिल्लांना नावे देतात. ज्याचे बारसे केले त्याची सागुती होत नाही. मग पाचव्या महिन्यात डझनातले पाच आरवायला लागतात, मालक त्याचे व्हिडिओ काढतो, आणि सहाव्या महिन्यात पहिल्या कोंबडीची पाठ उघडी पडते.

छळ म्हणजे काय, ते आधी नीट बघितले पाहिजे. कारण नवखा माणूस साध्या संगालाही मारामारी समजतो. कोंबडा पाठीवर चढतो, चोचीने मानेवरची पिसे नाहीतर तुरा धरतो, पायांनी पाठ तुडवत तोल सावरतो, शेपूट वाकवतो आणि काही सेकंदांत उतरतो. कोंबडी उठते, सगळे अंग झाडते, पिसे फुलवून परत बसवते आणि चरायला लागते. एका कोंबड्याकडून दिवसातून असे दहा ते तीस वेळा होऊ शकते, आणि दुपार कलल्यावर जास्त, कारण सकाळ अंड्याची असते. हे सगळे ठीक आहे. अंग झाडणे ही सगळे ठीक असल्याची पावती.

ठीक नसते तेव्हा कोंबडी झाडत नाही, पळते. सकाळी खुराड्याची झाप काढली तरी खाली उतरत नाही. दांडीवर बसून राहते. दाणे टाकले की येते, दोन टिपते, मान वर करून बघते, आणि पुन्हा वर. वजन उतरते, तुरा फिका पडतो, अंडे थांबते. मालक म्हणतो, खुडूक झाली.

निरोगी पाठ कौलारू छपरासारखी असते, पिसावर पीस चढवून शाकारलेली. तुडवली जाऊ लागली की आधी पिसांची टोके झिजतात. मग मधला दांडा मोडतो. मग नुसते खुंट राहतात, बोट फिरवले तर टोचणारे, आणि खुंटांच्या मधून गुलाबी कातडी दिसू लागते. ती उन्हाने लाल होते, जाड होते. यातली मेख अशी की मुळासकट उपटलेले पीस काही आठवड्यांत नवे येते, पण मोडलेले पीस पुढच्या पीसगळीपर्यंत तसेच अडून राहते, आणि पीसगळ वर्षातून एकदाच. माघात मोडलेली पाठ अख्खा पावसाळा उघडी भिजते.

याहून वाईट जखम दिसतच नाही. कोंबड्याच्या पायामागचा काटा म्हणजे आत हाड आणि वर शिंगाच्या जातीचे कवच. वयाबरोबर तो लांबतो, वाकतो, टोकदार होतो. पाठीवर पिसे असेपर्यंत पायाला पकड मिळते; ती गेली की पाय घसरतो, आणि घसरता घसरता काटा कोंबडीच्या बगलेत शिरतो. कातडी उभी फाटते. पंख मिटला की जखम झाकली जाते. कोंबडी चालते, खाते, काही बोलत नाही. पावसाळ्यात त्या फटीत माशी बसली की दोन दिवसांत किडे होतात, आणि मालकाला कळते ते वासाने.

दुखणे लपवणे हा कोंबडीचा स्वभाव आहे, कारण कळपात दुखरे दिसणे परवडत नाही. लाल रक्त दिसले की टोचायला पहिल्यांदा धावतात त्या बाकीच्या कोंबड्या. जांभळे औषध फासतात ते जंतूंसाठी तर खरेच, पण लाल रंग झाकण्यासाठीही.

कोंबड्यावर आळ घेण्याआधी खुराड्याच्या फटी बघाव्यात. दिवसा फटीत लपणारे आणि रात्री रक्त पिणारे बारीक जीव, शेपटीखालच्या उवा, आणि कोंबड्यांची आपसातली टोचाटोची यांनीही पिसे जातात. मानेच्या पुढची पिसे गळली तर ती पीसगळ असेल. शेपटीखालची गेली तर उवा शोधाव्यात. पाठ आणि डोक्याची मागची बाजू एकदम उघडी पडली, तर मात्र चोच आणि पाय कोणाचे होते हे वेगळे सांगायला नको.

पोक्त कोंबडा मागून येत नाही. तो समोरून येतो, एक पंख खाली सोडून जमिनीला घासत, तिरका तिरका कोंबडीभोवती अर्धा फेरा घेतो. सोडलेल्या पंखाची पिसे पायाच्या नखाला लागून खरखर वाजतात. कोंबडी एकतर बसते किंवा चालू लागते. चालू लागली तर बहुतेकदा तो दुसरीकडे वळतो. किडा सापडला तर स्वतः गिळत नाही. चोचीत धरतो, टाकतो, परत उचलतो, आणि टुकटुक टुकटुक असा लकडा लावून कोंबड्यांना बोलावतो. काही नग किडा नसतानाही बोलावतात. त्या खोट्या हाकेला कोंबडी फार दिवस येत नाही.

घार दिसली की हाच कोंबडा बारीक, लांबट आवाज काढतो. मांजर-मुंगसासाठी वेगळा, तुटक आवाज. कोंबड्या जवळ असल्या तर ओरडतो जास्त, एकटा असला तर गप्प बसतो. याला शौर्य म्हणावे की दिखावा, हे कोंबड्या ठरवतात. आणि त्यांना दोन्ही चालते, घार टळल्याशी काम.

पाच महिन्यांच्या पोराला यातले काही येत नसते. अंगात वारे शिरलेले, नाच शिकलेला नाही, किडा सापडला की स्वतःच गिळतो. तो मागून धावत येतो, मिळेल ती पिसे धरतो, लोंबकळतो. अशा वेळी त्याला वळण कोण लावणार? एक म्हातारा कोंबडा, जो त्याला भर मैदानातून पळवून लावतो. आणि दीड-दोन वर्षांच्या दणकट कोंबड्या, ज्या उलटून डोक्यात चोच घालतात. गावच्या कळपात हे दोन्ही असतात. एका खोक्यातून एकाच दिवशी आणलेल्या डझनभर पिल्लांच्या कळपात दोन्ही नसतात. तिथे सगळेच एका वयाचे. तलंगा अजून अंड्यावर यायच्या आधी पट्ठे वयात येतात, आणि अडवायला वडीलधारे कोणी नाही.

इथे माणसांची उपमा आत शिरू पाहते. तिला जाळीबाहेर ठेवलेले बरे. कोंबड्यावरून पुरुष समजत नाही, आणि पुरुषावरून कोंबडा तर मुळीच नाही.

कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात सुझान मिलमन आणि इयान डंकन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेले काम या बाबतीत डोळे उघडणारे आहे. मांसाच्या कोंबड्यांचे बाप म्हणून वापरले जाणारे भारी नर, अंड्यांच्या जातीचे नर, आणि पिढ्यान्‌पिढ्या झुंजीसाठी जोपासलेल्या जातीचे नर यांची वागणूक त्यांनी ताडून पाहिली. कोंबड्यांवर हल्ले करण्यात पुढे निघाले ते मांसाच्या जातीचे नर. झुंजीचे नर दुसऱ्या नराला फाडून काढतील, पण कोंबडीशी नीट वागणारे. म्हणजे नराशी भांडणे आणि मादीला मारणे हे एकाच रागाचे दोन हात आहेत, हा आपला ठोकताळा चुकीचा. मी त्याचा अर्थ असा लावतो: निवड करणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वजन मोजले. नाच कोणी मोजला नाही. जे मोजले नाही ते गेले.

वजनाची गोष्ट निघालीच आहे तर: गावठी कोंबडी सव्वा-दीड किलोची. तिच्या कळपात ‘जात सुधारेल’ म्हणून गिरिराज नाहीतर वनराज जातीचा नर सोडतात. तो तीन किलोच्या पुढे जातो. जात सुधारते की नाही ते पुढच्या हंगामात कळेल. पाठ मात्र याच हंगामात मोडते. त्याच्या मनात काही वाईट नसते. दुप्पट वजनाच्या चांगुलपणाखालीसुद्धा पिसे मोडतात.

थोर्लिफ शेल्डरुप-एब्बे हा नॉर्वेचा माणूस लहानपणापासून कोंबड्या न्याहाळत असे. कोण कोणाला टोचते आणि कोण मुकाट्याने टोचून घेते, याची उतरंड कळपात ठरलेली असते, असे त्याने १९२२ मध्ये छापून दाखवले. जगभरच्या कार्यालयांत त्या उतरंडीचे नाव आता वापरतात, कोंबड्या मात्र विसरल्या गेल्या. परसापुरता त्याचा उपयोग एवढाच: उतरंड एकदा बसली की भांडणे कमी होतात, आणि कळपात एक नग घातला किंवा काढला की ती पुन्हा हलते. म्हणून दर आठवड्याला कोंबडा बदलून बघणारा मालक शांतता आणत नसतो. तो दर आठवड्याला निवडणूक लावत असतो.

सगळ्या पाठी सारख्या उघड्या पडत नाहीत. बहुधा एक-दोघींच्याच पडतात. जी लगेच बसते तिच्याकडे तो पुन्हा पुन्हा जातो. मालक तिला ‘लाडकी’ म्हणतो. लाडकीची पाठ बघा आणि दुर्लक्षितेची बघा.

सह्याद्रीत राखाडी रानकोंबडा आहे. पहाटे त्याचे तुटक आरवणे ऐकू येते, दिसतो क्वचितच. जोडीने नाहीतर लहानशा घोळक्यात हिंडतो. आपली पाळीव कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबड्याच्या वंशातली, पण तिच्या पायांचा आणि कातडीचा पिवळा रंग या राखाडी भाऊबंदाकडून आला, हे २००८ मध्ये जनुकांवरून उघड झाले. पिवळेपणा आला, रान मात्र मागे राहिले. रानात कोंबडीला नाही म्हणायला फांदी असते.

फांदीखेरीज तिच्याकडे आणखी डाव आहेत. हलक्या पायरीचा नर अंगावर आला की ती ओरडते, आणि ती ओरड ऐकून वरच्या पायरीचा नर धावत येतो, पहिल्याला उडवून लावतो. तेही जमले नाही तर संगानंतर ती नकोशा नराचे रेत बाहेर टाकते. टोमासो पिझारी आणि टिम बर्कहेड यांनी हे २००० साली दाखवून दिले. हवेसे रेत तिच्या पोटात दोन आठवडे जिवंत राहते. निवडण्याची सत्ता तिच्याकडे आहे. फक्त ती वापरायला जागा लागते.

दहा बाय दहाच्या जाळीत या डावांचा उपयोग होत नाही. एकाच्या खालून सुटली की दुसऱ्याच्या खाली. वरच्या पायरीचा नर धावून येतो तो सोडवायला नव्हे, स्वतःच्या पाळीला. एक चढला की बाकीचे धावतात, आणि कोपऱ्यात पाच नर आणि खाली एक कोंबडी असा ढीग होतो. ज्याने तो ढीग एकदा पाहिला तो दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबत नाही.

उपाय फार नाहीत, आणि पहिला सोडून बाकीचे दुय्यम आहेत. पहिला: जादा नर काढा.

काढायचे म्हणजे मारायचेच असे नाही. कोंबड्या दृष्टिआड असतील तर चार-पाच नर वेगळ्या जाळीत बऱ्यापैकी गुण्यागोविंदाने राहतात. भांडायला कारण उरत नाही. पण ते अंडे देणार नाहीत, खातील मात्र रोज, आणि पहाटे चारला शेजाऱ्याला उठवतील. हा खर्च आधी मान्य करावा.

दुय्यम उपायांपैकी जागेचा उपाय चांगला. कमी-जास्त उंचीच्या दांड्या, आडोशाला काट्याकुट्यांची एखादी रास, दाणे दोन ठिकाणी. कोपऱ्यात उभा केलेला आडोसा दोन्ही बाजूंनी उघडा असावा, नाहीतर तो सापळा होतो. काट्याचे टोक कानशीने बोथट करता येते, फक्त टोक. आत रक्त असते. पाठीला कापडाची झूल बांधतात, जुन्या जीन्सची, पंखांखालून इलॅस्टिक. उन्हाळ्यात चालते. पावसाळ्यात ओली राहते आणि खाली उवा पोसते. शिवाय झूल शिवून पाच कोंबडे ठेवणे म्हणजे गळक्या घरात रोज बादली बदलत बसणे.

जखमी कोंबडी वेगळी ठेवावी लागते, पण कळपाला दिसेल अशी. पंधरा दिवस नजरेआड गेली तर परतल्यावर परकी ठरते आणि उतरंडीत तळाशी जाते. जखम नसेल, नुसता त्रास असेल, तर कोंडायचे कोंबड्याला. मार खाणारीला घरात बसवायची आपली सवय जुनी आहे. (उपमा जाळीबाहेर ठेवायची म्हटली होती, ती कुंपण ओलांडून आली.)

आणि नुसती अंडीच हवी असतील तर एकही कोंबडा लागत नाही. हे कितीतरी शिकल्यासवरलेल्या घरांत माहीत नसते. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडे देते. त्यातून पिल्लू होत नाही, एवढेच.

अंड्यांच्या मोठ्या धंद्यात जादा नराचा निकाल पहिल्याच दिवशी लावतात. अंडे देणाऱ्या जातीचा नर मांसालाही परवडत नाही, म्हणून निघाल्याबरोबर मारतात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून हे कायद्याने बंद केले. तिथे आता अंड्यातच नर-मादी ओळखायची यंत्रे आली आहेत. त्या पिल्लाच्या मानाने परसातला कोंबडा सहा महिने ऊन खातो, धूळ अंगावर घेतो, किडे शोधतो, आरवतो. कोकणातली म्हातारी क्रूर आणि चार गुंठ्यांतला हौशी मालक दयाळू, हे मला पटत नाही. तिने एका कोंबड्याची मान मोडली. याने पाच कोंबडे वाचवले आणि सात कोंबड्यांना रोज त्यांच्याखाली दिले. कोणाचे हात स्वच्छ राहिले हे दिसते. त्याची किंमत कोणी भरली तेही बघावे.

दयेला पाठ लागते, आणि ती बहुतेकदा दुसऱ्याची असते.

कधी कधी एकटा कोंबडाही वाईट निघतो. दहा कोंबड्या आहेत, जागा मोकळी आहे, तो वर्षाचा झाला आहे, तरी मागून येतो, चोचीने डोके फोडतो, दाण्यापासून हाकलतो. असा सुधारत नाही. त्याची अंडीही उबवू नयेत. वागणूक रक्तातून उतरते. पुढच्या पिढीसाठी ठेवायचा तो, जो किडा सापडल्यावर बोलावतो. गावात कोंबडा निवडताना तुरा, उंची, पिसांचा रंग बघतात. दाणे टाकून पाच मिनिटे उभे राहून, आधी कोण खातो ते बघणारे थोडे.

तेव्हा आज रात्री कोंबड्या दांडीवर बसल्या की बॅटरी घेऊन खुराड्यात जा. अंधारात त्या हलत नाहीत. एकेकीचा पंख उचलून बगल बघा, पाठीवरून उलटे बोट फिरवा. मग नर मोजा. जादा असतील तर बाजार, शेजार, वेगळी जाळी किंवा चूल, यांपैकी कोणताही रस्ता धरा. पण या आठवड्यात धरा. ‘बघू पुढे’ तेवढे म्हणू नका.